विद्युत् वाहिन्यांनजीकचे प्रवर्तन व वीजचोरी

विद्युत् वाहिन्यांनजीकचे प्रवर्तन व वीजचोरी : प्रत्यावर्ती (ठराविक कालावधीने उलटसुलट दिशेने वाहणारा) विद्युत् प्रवाह वाहून नेणाऱ्या तारांच्या सान्निध्यात असलेल्या, पण त्यांना कोठेही न जोडलेल्या संवाहकात विद्युत् दाब निर्माण होतो. या आविष्कारास वाहिन्यांनजीकचे प्रवर्तन म्हणतात. तारेतील प्रवाहाच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे होते ते विद्युत् चुंबकीय प्रवर्तन, तर तारेवरील दाबाच्या विद्युत् क्षेत्रामुळे होते ते स्थिरविद्युत् प्रवर्तन होय. व्यवहारात दोन्ही एकाच वेळी घडत असली, तरी त्यांचे नियम व धोके वेगवेगळे आहेत.

हा आविष्कार आणि वीजचोरी यांची सांगड लोकांच्या बोलण्यात नेहमी घातली जाते. उच्च दाबाच्या तारांखाली तांब्याच्या तारेचे मोठे वेटोळे पुरले किंवा कुंपणाची तार वाहिनीला समांतर ताणली, तर तिला हात न लावताही घरातील दिवे फुकट लागतात, असा समज सर्वत्र ऐकू येतो. तत्त्वतः तो खोटा नाही. परिमाणाच्या दृष्टीने मात्र तो टिकत नाही. प्रवर्तनाने मिळू शकणारी शक्ती नगण्य असते. मात्र त्याच प्रवर्तनाने निर्माण होणारा दाब माणसाचा जीव घेण्यास पुरेसा ठरू शकतो. उलटपक्षी, वीज वितरणाचे आर्थिक गणित बिघडविणारी खरी चोरी ही कमी दाबाच्या तारांना प्रत्यक्ष जोडणी करून व मापकात फेरफार करूनच होते. या दोन गोष्टींतील गल्लत दूर केल्याशिवाय धोका कशात आहे व तोटा कशात आहे, हे नीट समजत नाही.

विद्युत् चुंबकीय प्रवर्तन : मायकेल फॅराडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून असे दाखविले की, एका वेटोळ्यातील प्रवाह चालू अथवा बंद करताना दुसऱ्यात क्षणिक प्रवाह निर्माण होतो. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हा शोध लावला. वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत ज्या त्वरेने बदलतो, त्या प्रमाणात त्यात विद्युत् चालक प्रेरणा निर्माण होते; आणि १८३४ मध्ये लेन्ट्‌स यांनी मांडलेल्या नियमानुसार प्रवर्तित प्रवाह मूळ बदलास विरोध करतो. या विरोधावर मात करण्यासाठी मूळ मंडलाला जादा ऊर्जा पुरवावी लागते. म्हणजेच वाहिनीखालील वेटोळ्यात मिळणारी ऊर्जा आकाशातून येत नसून ती वाहिनीतूनच काढून घेतली जाते. ‘हवेत वाया जाणारी वीज आम्ही वापरतो’ हा युक्तिवाद या दृष्टीने चुकीचा आहे.

रोहित्रातही हेच तत्त्व असते. तेथे दोन्ही वेटोळी समाईक लोखंडी गाभ्यावर असल्याने जवळजवळ सर्व चुंबकीय स्रोत एकातून दुसऱ्यात जातो व ९८ टक्क्यांहून अधिक शक्तीचे संक्रमण होऊ शकते. वाहिनीखाली गाभा नसतो, मध्ये कित्येक मीटर हवा असते आणि भारतातील वीजपुरवठ्याची कंप्रता अवघी ५० हर्ट्‌झ आहे. शिवाय त्रिकला वाहिनीतील तीन तारांमधील (व्यवहारात फेजमधील) प्रवाहांची बेरीज दर क्षणी जवळजवळ शून्य असते, त्यामुळे त्यांची क्षेत्रे एकमेकांस बऱ्याच अंशी खोडून काढतात. एकाकी तारेचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, तर त्रिकला वाहिनीचे क्षेत्र दूरवर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते.

उदाहरणादाखल प्रत्येक तारेतून ४०० अँपिअर प्रवाह नेणारी २२० किलोव्होल्ट दाबाची वाहिनी विचारात घेता येईल. तिच्यातून सु. १५० मेगॅवॉट शक्ती जात असते. अशा वाहिनीच्या खाली जमिनीलगत चुंबकीय क्षेत्र सु. ५ मायक्रोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्या साधारणपणे आठव्या हिश्श्याइतके असते. पृथ्वीचे क्षेत्र स्थिर असल्याने त्याचे प्रवर्तन होत नाही. वाहिनीचे मात्र होते. वाहिनीला समांतर, १० मी. लांब व २ मी. उंच अशा उभ्या चौकटीवर तारेचा एक वेढा दिला, तर त्यात अवघा ०.०३ व्होल्ट दाब प्रवर्तित होईल. एक हजार वेढे दिले तर ३१ व्होल्ट मिळतील. त्यासाठी २४ कि.मी. तार लागेल. १ चौ. मिमी. काटछेदाची तांब्याची तार घेतल्यास तिचे वजन सु. २१४ किग्रॅ. व रोध सु. ४१३ ओहम भरेल. या वेटोळ्याची स्वतःची प्रवर्तकता योग्य धारित्र जोडून पूर्णपणे निष्प्रभ केली, तरी त्यापासून जास्तीत जास्त ०.६ वॉट शक्ती मिळू शकेल; धारित्र न जोडल्यास तिच्याही सु. एक दशांश.

वेढे वाढविल्याने या मर्यादेतून सुटका होत नाही. तेवढ्याच वजनाच्या तांब्याचे दुप्पट वेढे करावयाचे, तर तारेचा काटछेद निम्मा करावा लागतो. दाब दुप्पट होतो, पण रोध चौपट होतो आणि मिळणारी कमाल शक्ती होती तेवढीच राहते. शक्ती वाढवावयाची तर तांबेच वाढविले पाहिजे. ५ वॉटचा एक एलईडी दिवा लावण्यास सु. १.८ टन तांबे लागेल. एवढे तांबे विकत घेण्याची ज्याची ऐपत आहे, त्याला वीज चोरण्याची गरज नाही हे उघड आहे. वाहिनीच्या बाजूनेही हिशेब असाच आहे. या वाहिनीच्या तारांच्या रोधामुळे दर कि.मी.ला सु. ३३ किलोवॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वरील अवाढव्य वेटोळे जी शक्ती घेते, ती वाहिनीच्या दोन सेंमी. लांबीत होणाऱ्या हानीएवढीही नाही.

गाभ्याच्या साहाय्याने तारेला पूर्ण वेढले असता चित्र पालटते. तारेभोवती लोखंडी कडे बसवून त्यावर वेटोळे गुंडाळले, तर काही वॉटपासून काही दशक वॉटपर्यंत शक्ती मिळू शकते. वाहिनीचे तापमान व झोळ मोजणारी काही आधुनिक उपकरणे आपली ऊर्जा अशीच मिळवितात. परंतु ती वाहिनीच्या मालकाने प्रशिक्षित माणसांकडून बसविलेली असतात. चोरासाठी हा मार्ग म्हणजे मृत्यूच होय. कारण २२० किलोव्होल्ट दाबाच्या तारेला स्पर्श करण्याआधीच मधल्या हवेतून ठिणगी उडते.

लांब समांतर तार : वेटोळ्याऐवजी एक लांब तार वाहिनीला समांतर ताणून तिची दोन्ही टोके जमिनीत रोवली, तर जमीन हीच परतीची वाट होते. वरील वाहिनीच्या मध्यरेषेपासून २० मी. अंतरावरील अशा तारेत दर कि.मी.ला सु. १० व्होल्ट प्रवर्तित होतात. दोन्ही भूसंपर्कांचा एकत्रित रोध १०० ओहम धरल्यास मिळणारी शक्ती पाव वॉट भरते. नित्य परिस्थितीत हा दाब निरुपद्रवी असतो. परंतु वाहिनीची एक तार तुटून जमिनीवर पडली किंवा निरोधक फुटला, म्हणजे त्या तारेतून हजारो अँपिअर प्रवाह जमिनीत शिरतो व जमिनीतूनच उपकेंद्राकडे परततो. मग तीन प्रवाहांचे परस्परखंडन उरत नाही. अशा वेळी ५,००० अँपिअर दोषप्रवाहामुळे समांतर तारेत दर कि.मी.ला १,००० ते १,५०० व्होल्ट इतका दाब क्षणभर निर्माण होऊ शकतो. जमीन खडकाळ असेल, तर परतीचा प्रवाह अधिक खोलवर व दूरवर पसरतो आणि प्रवर्तन वाढते. जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहाच्या प्रवर्तनाचे गणित जे. आर. कार्सन व फेलिक्स पोलाचेक यांनी १९२६ मध्ये स्वतंत्रपणे मांडले व ते आजही वापरात आहे.

या गणिताची गरज प्रथम भासली ती दूरध्वनीच्या तारांमुळे. वाहिनीला समांतर जाणाऱ्या दूरध्वनी तारांत नित्य प्रवर्तनाने गुणगुण ऐकू येते व दोषाच्या वेळी बोलणाऱ्याच्या कानाशी शेकडो व्होल्ट येऊ शकतात. म्हणून भारतात नवीन वाहिनीचा मार्ग ठरविताना वीज व दूरसंचार या दोन्ही खात्यांच्या समन्वय समितीची संमती घेण्याची पद्धत रूढ झाली. प्रवर्तित दाबाची मर्यादा सामान्य वाहिन्यांसाठी ४३० व्होल्ट आणि दोष अतिशीघ्र तोडणाऱ्या वाहिन्यांसाठी ६५० व्होल्ट अशी धरली जाते. मुंबई परिसरातील रेल्वेला १९२५ पासून १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाचा पुरवठा होत असे. तो पुढे टप्प्याटप्प्याने २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात बदलण्यात आला. मध्य रेल्वेवर हे काम २०१६ मध्ये संपले. रुळांतून व जमिनीतून परतणाऱ्या एककला प्रवाहाचे प्रवर्तन मोठे असल्याने लोहमार्गालगतच्या संदेशवाहक तारांना त्यानुसार संरक्षण द्यावे लागते. याउलट चंद्रपूरहून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत येणारी, १९९९ मध्ये कार्यान्वित झालेली, ५०० किलोव्होल्ट दाबाची व १,५०० मेगॅवॉट क्षमतेची वाहिनी एकदिश प्रवाहाची आहे. तिच्याखाली वेटोळे कितीही मोठे पुरले, तरी स्थिर प्रवाहामुळे त्यात काहीही प्रवर्तित होणार नाही.

स्थिरविद्युत् प्रवर्तन : हा प्रकार प्रवाहावर नव्हे, तर दाबावर अवलंबून असतो, त्यामुळे वाहिनीतून वीज वापरली जात नसतानाही तो घडतो. ४०० किलोव्होल्ट दाबाच्या वाहिनीखाली, जेथे झोळामुळे तारा जमिनीला सर्वांत जवळ आलेल्या असतात (किमान ८.८४ मी.), तेथे जमिनीलगतचे विद्युत् क्षेत्र दर मी.ला ५ किलोव्होल्ट किंवा त्याहून अधिक असू शकते. या क्षेत्रात जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, लाकडी खुंटांवर निरोधित अवस्थेत ताणलेल्या कुंपणाच्या तारेवर सु. ७,५०० व्होल्ट दाब येतो. हा आकडा भयंकर वाटतो. पण तारेची जमिनीशी असलेली विद्युत् धारणा अगदी अल्प असल्याने तिला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून वाहू शकणारा प्रवाह तारेच्या लांबीनुसार ठरतो. १०० मी. लांबीच्या तारेतून सु. १.७ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. म्हणजे मुंग्या येतात व माणूस दचकतो. तेच कुंपण सलग १ कि.मी. लांब असेल, तर हा प्रवाह १७ मिलिअँपिअर होतो. सु. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडून तार सोडविता येत नाही. अशा वाहिनीखाली कुंपणाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा जमिनीशी जोडण्याचा सल्ला दिला जातो, तो यासाठीच.

शक्तीच्या दृष्टीने हा प्रकार चुंबकीय प्रवर्तनापेक्षा किंचित फलदायी आहे, १०० मी. तारेतून सिद्धांततः सु. ६ वॉट काढता येतील. मात्र त्यासाठी लक्षावधी ओहम रोधाचा भार लागतो. घरगुती दिवा त्या तारेला जोडताच तिचा दाब कोसळतो व दिवा लागत नाही. वायुयुक्त नळदिवा मात्र फार थोड्या प्रवाहावर फिकट उजळतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ २००४ मध्ये रिचर्ड बॉक्स या कलावंताने वाहिनीखालच्या शेतात सु. १,३०० नळदिवे उभे रोवून ते कोणत्याही जोडणीशिवाय रात्री उजळताना दाखविले होते. वाहिनीखाली फुकट वीज मिळते या समजाचे मूळ अशा दृश्यांतच असावे. पाहणाऱ्याला उजेड दिसतो. तो किती क्षीण आहे हे मापकाशिवाय कळत नाही. अशा क्षेत्राचा आरोग्यावरील परिणाम हा वेगळा विषय आहे. आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये सामान्य जनतेसाठी ५० हर्ट्‌झला दर मी.ला ५ किलोव्होल्ट व २०० मायक्रोटेस्ला ही संदर्भमूल्ये सुचविली आहेत, एवढे येथे सांगणे पुरेसे आहे.

तारांवर काम करणाऱ्यांना होणारा धोका : प्रवर्तनाचे सर्वाधिक बळी शेतकरी नसून लाइनमन असतात. एकाच मनोऱ्यावर दोन वाहिन्या असतील आणि त्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद केली असेल, तर शेजारच्या चालू वाहिनीमुळे बंद वाहिनीवर हजारो व्होल्ट दाब प्रवर्तित होतो. उपकेंद्रातील मंडलच्छेदक उघडलेला असतो, चावी खिशात असते, तरीही तार ‘जिवंत’ असते. म्हणून कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तारा भूसंपर्क दांड्यांनी जमिनीशी जोडल्याशिवाय हात लावावयाचा नाही, हा नियम आहे. एकाच बाजूस भूसंपर्क दिल्यास स्थिरविद्युत् दाब नाहीसा होतो, पण चुंबकीय प्रवर्तनाचा दाब दुसऱ्या टोकाशी शिल्लक राहतो. हा बारकावा न समजल्याने अनुभवी माणसांनीही प्राण गमावले आहेत. खालच्या दाबाच्या वाहिनीवर एखाद्या घरातील जनित्रातून उलट येणारी वीज हा निराळा, पण तितकाच घातक प्रकार आहे.

सूर्यमाळ परिसर : पालघर जिल्ह्याच्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४) मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ हे पठारी गाव जिल्ह्यातील सर्वांत उंच ठिकाणांत गणले जाते. सह्याद्रीच्या या भागात काळा बेसाल्ट खडक उघडा पडलेला असून त्यावर मातीचा थर पातळ आहे. पावसाळ्यात पाऊस विपुल पडतो, पण तो ओसरल्यावर खडक झपाट्याने कोरडा पडतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी समाजांचे पाडे दूरदूर विखुरलेले आहेत. त्यामुळे थोड्या घरांसाठी लांब उघड्या तारा डोंगरउतारांवरून व झाडीतून न्याव्या लागतात. मुंबईला पाणी देणारी वैतरणेची धरणे याच डोंगररांगांत आहेत व ऊर्ध्व वैतरणा प्रकल्पात ६० मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्रही आहे. मात्र जवळ वीजनिर्मिती होते म्हणून जवळच्या पाड्यावर दिवा लागतो असे नाही. उच्च दाबाची वाहिनी वस्तीवरून गेली, तरी तिचा दाब उतरविणारे उपकेंद्र व तेथून निघणारी वितरण वाहिनी यांवाचून ती वस्तीच्या उपयोगी पडत नाही. आणि २२० किलोव्होल्टवरून दहा घरांसाठी दाब उतरविण्याचा खर्च परवडण्यासारखा नसतो. आफ्रिकेतील घाना देशात १९८० नंतरच्या दशकात यावर एक उपाय योजण्यात आला. मनोऱ्यांच्या माथ्यावरील वीजरोधक तार निरोधित करून तीमधूनच मध्यम दाबाने मार्गावरील खेड्यांना वीज देण्यात आली. वाहिनीखालच्या वस्तीला वाहिनीचाच लाभ देण्याचा तो अधिकृत मार्ग होय.

खडकाळ जमिनीचा परिणाम भूसंपर्कावर फार मोठा होतो व तो या भागातील सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे. ३ मी. लांबीची लोखंडी नळी देशावरील ओलसर काळ्या मातीत पुरली, तर तिचा रोध सु. ६ ओहम भरतो. तीच कोरड्या बेसाल्टमध्ये पुरल्यास तो ३०० ओहमच्या आसपास जातो. २३० व्होल्ट दाबाची तार तुटून अशा खडकावर पडली व भूसंपर्क एवढाच मिळाला, तर तीतून एक अँपिअरही प्रवाह वाहत नाही. रोहित्रावरील वितळतार शंभर किंवा अधिक अँपिअरला वितळते, म्हणून ती तशीच राहते. तार गवतात जिवंत पडून असते व तिच्यावर गुराचा किंवा माणसाचा पाय पडेपर्यंत कोणालाही तिचा पत्ता लागत नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात ज्या दोषामुळे ठिणगी उडून वीज खंडित होते, तोच दोष येथे मुका राहतो. जमिनीत झिरपणारा अल्प प्रवाह ओळखून ३० मिलिअँपिअरला मंडल तोडणारा भूगळती खंडक घरात बसविल्यास घरापुरते संरक्षण मिळते; बाहेरच्या उघड्या तारेसाठी त्याचा उपयोग नाही.

वीजचोरी : ग्राहकाने वापरलेली वीज मापकात न नोंदविली जाण्याची, किंवा ग्राहक नसताना ती घेतली जाण्याची व्यवस्था मुद्दाम करणे म्हणजे वीजचोरी होय. महाराष्ट्रात तिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘आकडा’. कमी दाबाच्या उघड्या तारेवर वाकविलेली तार अडकविली, की वीज मिळते. चार अँपिअरचा एक आकडा सु. एक किलोवॉट घेतो, ०.६ वॉट देणाऱ्या वर वर्णिलेल्या वेटोळ्याशी तुलना केल्यास दीड हजारपटींहून अधिक. फेज तारेवर एकच आकडा टाकून परतीसाठी जमिनीत सळई ठोकण्याचा प्रकारही आढळतो. सूर्यमाळसारख्या खडकात तो नीट चालत नाही, कारण सळईचा रोधच बहुतेक दाब खाऊन टाकतो. आणि प्रवाह वाहतो तेव्हा ती सळई व तिच्याभोवतीची जमीन दाबाला चढलेली असते. शेजारून अनवाणी जाणाऱ्या मुलाला किंवा गाईला त्याची काहीच सूचना नसते.

याहून भीषण प्रकार म्हणजे रानडुकरांपासून पिके वाचविण्यासाठी शेताच्या कुंपणात आकड्याने सरळ वीज सोडणे. अधिकृत सौर कुंपणात दाब जास्त असला, तरी तो सेकंदाच्या सूक्ष्म अंशापुरता ठोका देतो व प्राणी दूर पळतो; आकड्याच्या कुंपणात प्रवाह अखंड असतो. विदर्भात अशा कुंपणांमुळे शेतकरी, वाटसरू व वाघही मरण पावले आहेत.

दुसरा मोठा प्रकार मापकाशी संबंधित आहे. जुना चकतीचा ऊर्जामापक हे प्रवर्तनाचेच अपत्य आहे. गालिलेओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये दाखविलेल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या तत्त्वावर ॲल्युमिनियमच्या चकतीत प्रवाह प्रवर्तित होऊन ती फिरते आणि स्थिर चुंबक तिला आवर घालतो. चकतीची गती अडविणे, मापकाला वळसा देऊन तार नेणे, मोहोर तोडून जोडणी उलटविणे हे प्रकार त्यावर केले जात. इलेक्ट्रॉनिक मापक आल्यावर यांतील काही बंद पडले व काही नवे सुरू झाले. नवे मापक अशा छेडछाडीची वेळेसह नोंद ठेवतात, त्यामुळे निदान पुरावा तरी मिळतो. सर्वसाधारण समजुतीच्या विरुद्ध, रकमेच्या दृष्टीने झोपडीतील आकड्यापेक्षा उद्योगधंद्यातील मापकातला फेरफार अधिक महाग पडतो. एका यंत्रमागशाळेची चोरी शेकडो दिव्यांच्या चोरीएवढी असते.

चोरी किती होते हे प्रत्यक्ष मोजता येत नाही; पुरविलेल्या व आकारणी झालेल्या युनिटांतील फरकातून तांत्रिक हानी वजा करून ती काढावी लागते. येथेच हिशेबाची मेख आहे. शेतीपंपांना बहुतांशी मापक नसत किंवा असलेले बंद असत व आकारणी अश्वशक्तीवर होई. त्यांचा वापर अंदाजाने धरला जात असल्याने कोणतीही न सापडणारी युनिटे ‘शेतीला गेली’ असे दाखविणे सोपे होते. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ (स्थापना १९६०) १९९० नंतरच्या दशकात आपली हानी बरीच कमी दाखवीत असे. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन होऊन त्याने २००० साली दरनिश्चितीसाठी हिशेब तपासले, तेव्हा ती ३० टक्क्यांच्या घरात असल्याचे उघड झाले. चोरीचा भार शेतकऱ्याच्या नावावर टाकला जात होता, हा त्या छाननीचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष म्हणावा लागेल. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाल्यावर वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले.

हानी कमी करता येते, याचे राज्यातील सर्वांत चर्चित उदाहरण सूर्यमाळच्या दक्षिणेस, ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे आहे. यंत्रमागांच्या या शहरात हानी सु. ५८ टक्क्यांवर गेली होती. २६ जानेवारी २००७ पासून तेथील वितरण टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे विशेषाधिकाराने देण्यात आले. मापक बदलणे, जीर्ण तारा व रोहित्रे नवी करणे आणि प्रत्येक रोहित्रावर हिशेब ठेवणे यांमुळे काही वर्षांतच हानी २० टक्क्यांच्या जवळपास आली. या व्यवस्थेविरुद्ध बिलांबाबतच्या तक्रारी व आंदोलनेही झाली. तांत्रिक बाजूने मात्र नवे असे काही तेथे नव्हते. रोहित्रातून बाहेर पडलेली युनिटे व त्याखालील मापकांची बेरीज दरमहा ताडून पाहिली, की चोरी कोणत्या गल्लीत आहे हे कळते. उघड्या तारांऐवजी आवरणयुक्त जुडीतारा वापरल्यास आकडा टाकता येत नाही. उच्चदाब वितरण प्रणालीत ११ किलोव्होल्टची वाहिनी पंपांपर्यंत नेऊन एकदोन पंपांसाठी छोटे रोहित्र बसवितात; मग आकडा टाकण्याजोगी कमी दाबाची लांब तारच उरत नाही. महाराष्ट्रात शेतीपंपांसाठी ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली. झाडीतून जाणाऱ्या मोखाडा-जव्हारच्या तारांना आवरणाचा लाभ चोरीपेक्षाही फांद्या पडून होणारे खंड व अपघात टाळण्यासाठी अधिक आहे.

कायदा : वीज ही चोरण्याजोगी ‘वस्तू’ आहे का, हा प्रश्न न्यायालयांपुढे सुरुवातीपासून होता. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९९ मध्ये ती वस्तू नसल्याने चोरीचा गुन्हा होत नाही असे ठरविले व त्यामुळे १९०० मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. भारतात १९१० च्या वीज अधिनियमाच्या कलम ३९ ने अप्रामाणिकपणे वीज काढून घेणे हे दंड संहितेतील चोरी मानले जाईल अशी तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या अवतारसिंग खटल्यात स्पष्ट केले की, हा गुन्हा दंड संहितेमुळे नव्हे, तर या कलमामुळेच अस्तित्वात येतो. म्हणून खटलाही त्याच अधिनियमात सांगितलेल्यांच्याच तक्रारीवरून चालला पाहिजे. २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या कलम १३५ मध्ये वाहिनीला अनधिकृत जोडणी करणे, मापकात फेरफार करणे वा त्याचे नुकसान करणे, तसेच मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे यांचा समावेश आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. १० किलोवॉटपर्यंतच्या भारासाठी पहिल्या दोषसिद्धीस दंड आर्थिक लाभाच्या किमान तिप्पट असतो. २००७ च्या दुरुस्तीने हे गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र झाले. पहिल्या गुन्ह्यात ठराविक रक्कम भरून आपसांत मिटविण्याची सोयही अधिनियमात आहे. चोरी व अनवधानाने झालेला अनधिकृत वापर यांत कायदा फरक करतो. दुसऱ्या प्रकाराची आकारणी कलम १२६ खाली होते व त्यास फौजदारी स्वरूप नाही.

जोडणी न करता, केवळ प्रवर्तनाने घेतलेली वीज कलम १३५ मधील ‘जोडणी’ या शब्दात बसते की नाही, याबद्दल वाद संभवतो. अप्रामाणिकपणे वीज काढून घेण्याविषयीच्या १९१० च्या व्यापक शब्दरचनेत तो उद्‌भवला नसता. लेन्ट्‌स यांच्या नियमाप्रमाणे ती ऊर्जा वाहिनीतूनच आलेली असते, हे भौतिकीच्या दृष्टीने निर्विवाद आहे. पण २१४ किग्रॅ. तांब्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या ०.६ वॉटसाठी वितरण कंपनी तक्रार दाखल करील, असे वाटत नाही.